करोल बाग की मयूर विहार

२ फेब्रु., सोम. नागाव
नारळ बागायतदारांची कार्यशाळा दिल्लीला, १९-२० ला. यांना बोलावणं आलंय. "तूही चल," म्हणाले, म्हणून शाळेत रजा टाकली. आनंद तासभर टिकला. मुक्काम कुठे, यावरून जेवताना बिनसलं. हे म्हणतात करोल बाग, कार्यशाळा तिथून जवळ. मी म्हणते मयूर विहार. लेक तिथे राहते म्हणून. तिचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

५ फेब्रु.
तीन वर्षं झाली. लग्न आधी केलं, कळवलं नंतर, एवढाच मीनलचा गुन्हा. जावई चांगला आहे, मी व्हिडिओवर बघते ना. हे अजून तिच्याशी बोलत नाहीत.
काशिनाथ नारळ पाडायला आला होता. माडावरून उतरता उतरता म्हणाला, "काकी, पोरगी हाय ना दिल्लीला? मंग लॉज कशाला?"
हे विहिरीशी होते. ऐकलं आणि पंप सुरू केला.

७ फेब्रु., शनि.
आज तीन तास हॉटेलांना फोन. आमच्या होमस्टेचे पाहुणे "गरम पाणी किती वाजेपर्यंत?" विचारतात तर यांचं डोकं फिरतं. आज स्वतः तेच. शिवाय खिडकी कुठल्या दिशेला, उशा किती. हिंदी तर काय सांगावी! "हमको शांत खोली मंगता."
पहाडगंज नको, गोंगाट. लाजपत नगर नको, का ते माहीत नाही. मयूर विहार म्हटलं तर, "नदीपलीकडे कोण जाणार!" मेट्रो थेट आहे, बदलावी लागत नाही, हे पाचव्यांदा सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर...

१० फेब्रु.
करोल बाग बुक. मी भांडी जरा जोरात घासली.
मीनलला कळवलं. हसली. मग म्हणाली, "आई, मग मी सुट्टी काढू की नको?" काय सांगू?

१२ फेब्रु.
मीनलचा मेसेज. मला, पण यांना दाखवायला, हे उघड आहे. 'घरी या असं म्हणत नाही. पण मी ते हॉटेल बघून आले. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाबांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही.'
फोन यांच्या ताटाशेजारी ठेवला. यांनी मेसेज वाचला. म्हणाले, "आमटी वाढ."

१३ फेब्रु.
सकाळी उठते तर करोल बाग रद्द! मयूर विहारला गेस्टहाउस घेतलंय, मला न विचारता.
"तळमजला आहे, म्हणून."
"आणि कार्यशाळा लांब पडेल ते?"
"मेट्रो थेट आहे. बदलावी लागत नाही."
हे मला सांगतात!

१८ फेब्रु., बुध. दिल्ली
पोचलो. रस्त्यापलीकडे मीनलच्या सोसायटीचं फाटक. पत्ता यांनी कुठून काढला, देव जाणे. माझ्या वहीतूनच असणार.
संध्याकाळी एकटीच गेले. जावयाने चहा केला. मीनल वाळलीये. बोलताना सारखी दाराकडे बघत होती.
परत आले तर हे तसेच बसलेले. "काय म्हणते?"
"जाऊन विचारा."
"मला कुठे बोलावलंय?"
कपाळ माझं! ती 'या' म्हणत नाही, कारण हे नाही म्हणतील. हे जात नाहीत, कारण ती 'या' म्हणाली नाही. आणि निरोप पोचवायला मी.

१९ फेब्रु., सकाळ
दहाला कार्यशाळा. साडेसातला मीनलचा फोन. "पोहे केलेत. बाबांना फोन दे."
मी फोन यांच्यापुढे धरला. वाटलं झिडकारतील. घेतला. "हं," म्हणाले. बराच वेळ ऐकत राहिले. मग, "बरं."
काय बरं? विचारलं तर बुटाच्या नाड्या बांधत बसले. मी पर्स घेतली, तर "तू थांब." एकटेच निघाले.
खिडकीतून दिसतायत, रस्त्याच्या कडेला उभे. डावीकडे मेट्रो, समोर तिचं फाटक. ई-रिक्षावाला थांबला, त्याला हातानेच जा म्हणाले. पण रस्ताही ओलांडत नाहीत. दोनदा तर रस्ता पूर्ण मोकळा होता.