एकेचाळीस खंडांची शिवण

तीर्थरूप काकांना भिंगरीचा नमस्कार. (वाकून केला असं समजा. इथं दोन रॅकांच्या मधे वाकलं की मागचा रॅक ढकलून देतो.) मी खुशाल आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो, काकूंचा खोकला गेला का, हे कळवा. आबांचं विचारायला धीर होत नाही. ते तुम्हालाच बाइंडिंगच्या कामातला हाताखालचा माणूस समजून ‘खळ शिजली का’ विचारतात, आणि तुम्ही ‘शिजतेय’ म्हणता, हे तुमच्या पत्रात वाचलं. बरं करता.

या नोकरीत आठ महिने टिकलो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही. काम असं आहे. सात कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत तीच ती जुनी मासिकं, वर्षावर्षाची बांधून ठेवलेली, इतकी की पोरांना बसायला जागा उरली नाही. तेव्हा सातही जणांनी ठरवलं की प्रत्येक मासिकाचा एकच संच सगळ्यांच्या वतीनं ठेवायचा आणि बाकीचे सहा लगद्याला घालायचे. ठेवायचे ते बहुतेक संच या गोदामात येतात. आणि कोणता खंड चांगला, कोणता वाईट, हे ठरवतो कोण? सातवीत दोनदा बसलेला तुमचा पुतण्या. माझ्याआधी एक एम. ए. झालेला होता. तो वाचत बसायचा, दिवसाला तीन खंड व्हायचे. मी पानं मोजतो, कसर बघतो, हिरवी चिठ्ठी नाहीतर लाल चिठ्ठी, दिवसाला दोनशे. न वाचण्याची कला याच्या अंगात उपजत आहे, असं आमच्या मॅडम पाहुण्यांना सांगतात. (शाळेत याच कलेपायी मार खाल्ला.)

तर गेल्या महिन्यात, आबा ज्यांची पुस्तकं बांधायचे त्या कॉलेजचे खोके आले. उघडायच्या आधीच वास आला, काका. आबांच्या खळीत मोरचूद जरा जास्तच असायचा, तो. आत विहिरी आणि जमिनीखालचं पाणी या विषयावरच्या मासिकाचे एकेचाळीस खंड, सगळे आबांनी शिवलेले. कोपऱ्याला कापड दुमडायची ती घडी मी पट्टीचे फटके खाऊन शिकलो होतो, ती ओळखणार नाही होय? पण आमचा पहिला नियम असा की खंड टेबलावर सपाट उघडला पाहिजे. आबांचा खंड उघडतो आणि हात काढला की उंदराच्या सापळ्यासारखा मिटतो. नियमानं एकेचाळीसही लाल. पहिल्यावर चिठ्ठी लावली, मग थुंकी लावून काढली. सगळे मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या आड नेऊन ठेवले आणि यादीत ‘लाल’ लिहून टाकलं. म्हणजे कागदावर त्यांचा लगदा झाला.

पुढचं ऐका. सात सुनांच्या घरात दूध उतू जातं ते काही कुणाचं लक्ष नसतं म्हणून नाही. प्रत्येकीला वाटतं दुसरी बघतेय. या मासिकाचा ठेवायचा संच तिसऱ्या कॉलेजात, असं सगळ्यांना वाटलं, आणि तिसऱ्या कॉलेजला वाटलं पाचव्यात. सगळीकडचे लगद्यात गेले. मग एक बाई ते मासिक शोधत आल्या, आणि सात ठिकाणी मिळून एक पान निघेना. मॅडम डोकं धरून बसल्या. मी म्हटलं, नोकरी अशीही जाणार आणि तशीही, आणि हातगाडीवर घालून एकेचाळीस खंड त्यांच्यापुढे आणले. काढून टाकतील वाटलं होतं, तर त्यांनी चहा मागवला. दोन तास मी फार मोठा माणूस होतो. त्या भरात, हे माझ्या वडलांनी शिवलंय, हेही सांगून बसलो.

तिथंच फसलो. एकच संच उरला म्हणजे पानन्‌पान सपाट करून फोटो काढायला हवेत, आणि आबांची शिवण काही पान सपाट होऊ देत नाही. तेव्हा ठरलं की कटिंग मशीनवर पाठी कापायच्या, पानं सुटी करायची, फोटो झाले की खोक्यांत भरायची. कापणार कोण, तर बाइंडरचा मुलगा. मॅडम वाईट नाहीत, पण एक खंड दाबून दाबून थकल्या आणि म्हणाल्या, “इतकं घट्ट शिवलंय. हे कुणी उघडून वाचेल असं त्यांना वाटलंच नव्हतं का?”

मी म्हटलं, “पान गळू नये एवढंच त्यांना वाटायचं.”

त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. हातानं शिवण उसवली तर कापायचं नाही, आणि मला परत शिवता आली तर खंड पुन्हा उभे राहतील. दाभण घेऊन बसलो. पहिल्याच खंडाची चार पानं फाडली. आबा दोरा संपवतात कुठं तेच सापडत नाही. गाठ अशी दडवलीय की जणू कुणी चोरून नेणार होतं. चौदा वर्षांचा असताना शेवटची ती गाठ दाखवायला त्यांनी मला बसवलं होतं. पाणी पिऊन येतो म्हणून मी उठलो, तो अजून पाणीच पितोय.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

आपला,
भिंगरी

ता. क. : एखाद्या बऱ्या सकाळी आबांच्या हातात जुनी वही आणि सुईदोरा द्या. तोंडानं नाही सांगता आलं तरी हात सांगतील. गाठ कुठं जाते ते बघून कसंही वेडंवाकडं चित्र काढून पाठवा. उसवायला हवंय हे मात्र बोलू नका.

ता. क. दुसरा : कुणाला हवंय विचारतील. नवीन माणूस शिकायला आलाय म्हणा. माझं नाव घेतलंत तर सुई खाली ठेवतील.

ता. क. तिसरा : पत्र चिकटवलं होतं, परत उघडलं. माझं नावच सांगा, काका. आणि ते ऐकून त्यांनी शिव्या दिल्या, तर गाठीचं मागाहून बघू. आधी त्या शिव्या लिहून पाठवा, एकही न गाळता.