नांदत्या बाईचं सोनं

३ ऑक्टोबर

विहीणबाईंना माझी अंगठी हवीय!

अजून विहीणबाई झाल्या नाहीत, पण मी आपली म्हणते. गुलसून — एल्दियारने जी पोरगी पसंत केलीय त्या अक्मरलची आई. कोचकोरहून फोन केला होता. आवाज नुसता साखरेत घोळलेला. "डूल तर तुम्हीच घालणार पोरीच्या कानात, ती रीतच आहे. पण हल्ली पोरींना अंगठीपण लागते हो. तर म्हटलं, दुकानातली कशाला? तुमच्या बोटातली आटवा आणि तिचीच घडवा. तीस वर्षांच्या संसाराचं सोनं! नांदत्या बाईचं सोनं बोटात गेलं की पोरगी नांदते."

आणि मी काय म्हणाले? "हो तर! का नाही!" जीभ झडली नाही मेली.

नांदती बाई म्हणे! तुराट रशियात गेला त्याला चौदा वर्षं झाली. पहिल्या वर्षी एकदाच फोन केला — "बुरूल, माझी वाट बघू नकोस." मागे कुणी बाई तव्यावर काहीतरी परतत होती. बस, तेवढंच. त्यानंतर फोन नाही, चिठ्ठी नाही. आणि मी सगळ्या नारिनभर सांगत फिरते — नवरा उत्तरेला गॅसच्या विहिरींवर आहे, रजा मिळत नाही बिचाऱ्याला. दर नव्या वर्षाला बिश्केकच्या बाजारातून रशियन शाल आणते आणि शेजारच्या बातमाला दाखवते. "तुराटने पाठवली." बातमा मला थोरल्या बहिणीसारखी 'एजे' म्हणते. हात लावून बघते, म्हणते, "एजे, माणसाला पसंती आहे हो!"

एल्दियार तेव्हा तेरा वर्षांचा. शाळेत पोरांनी 'पळालेल्या बापाचा' म्हणून त्याचं जगणं नको केलं असतं. त्याच्यासाठी केलं मी. मग तो मोठा झाला, तोही रशियात गेला वेल्डिंगच्या कामाला, आणि सांगायचं राहूनच गेलं. झाकली मूठ!

५ ऑक्टोबर

आई म्हणायची, मोडल्या घरचं सोनं नव्या घरात नेऊ नये. तेही घर मोडतं.

म्हणजे अंगठी दिली तर पोराच्या संसाराला मीच काडी लावायची. नाही दिली तर का नाही ते सांगायचं. तिसरी वाट दिसत नाही.

शाळेत कोट सांभाळायचं काम माझं. दिवसभर पोरांचे कोट घेते, टांगते, देते. आज दोघांना एकमेकांचे दिले. त्या पोरांना घरी जाईपर्यंत कळलंही नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

एल्दियारचा फोन. चेहरा दिसतो तेवढंच सुख. गालफडं बसलीत त्याची.

"आपा, अंगठीचं काय झालं?"

"होतंय रे. सोनं काय चुलीवर टाकून होतं?"

"लाल सोन्याची नको हां. अक्मरल म्हणते, लाल म्हणजे आज्यांचं."

"आज्यांच्या बोटात होतं म्हणून तर टिकलं! तुमचं ते पिवळं दुबईचं, सांडशीत धरलं तरी वाकतं."

हसला. मग मी नेहमीचं म्हटलं, "काल बाबांचा फोन होता. तुझी चौकशी करत होते."

"हो का? बरं," म्हणाला. आणि थंडी किती पडलीय ते विचारलं.

फोन बंद झाला की हे घर एकदम मोठं होतं. मी टीव्ही लावते. बघत नाही, नुसता लावते.

११ ऑक्टोबर

इमानाली सोनाराकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत, त्याच त्या भोकाएवढ्या दुकानात. सत्तरीचा झालाय, डोळ्यावरचं भिंग काढतच नाही, तसाच बोलतो माणसाशी.

माझा हात धरून बघितला. "पाचशे त्र्याऐंशीचं, हजारात तेवढं सोनं. आत ताऱ्याचा छाप असेल. सोव्हिएत काळात सगळ्या नवऱ्यांनी हीच घेतली, एकाच साच्यातली. तांबं जास्त म्हणून लाल. यात थोडं शुद्ध सोनं आणि चांदी घालू, पिवळी होईल. सुनेला कळणारही नाही. काढा."

निघेना! बोट सुजलंय माझं, कोटांची ओझी उचलून.

"साबण लावा," म्हणाला.

"आज नको."

भिंगातून बघत राहिला. "रंगाचं माझ्यावर सोडा, बुरूल. तो मी हवा तसा करीन. सोनं कुणाचं ते तुम्ही बघा."

त्याला काही माहीत आहे का? की सगळ्यांनाच असं म्हणतो मेला?

१४ ऑक्टोबर

सुचलं! आईचे दात!!

आईने म्हातारपणी कवळी बसवली तेव्हा तिचे दोन सोन्याचे दात निघाले होते. दोऱ्यांच्या डब्यात जपून ठेवलेले, माझ्याकडेच आहेत. आणि संसार म्हणाल तर आईबाबांचा! बावन्न वर्षं. बाबा तिच्याशिवाय चहाचा घोट घेत नसत. ती हसली की ते दात चमकायचे आणि बाबा म्हणायचे, "बघा, माझी सगळी इस्टेट!" याहून नांदतं सोनं अख्ख्या नारिनमध्ये मिळणार नाही.

विहीणबाईंना सांगायचं, माझी अंगठी हलकी पडली, म्हणून आजीचं सोनं घातलं. आजीचं म्हटल्यावर त्यांना जास्तच आवडेल. आज किती दिवसांनी पोटभर जेवले.

१६ ऑक्टोबर

लोखंड.

इमानालीने दात कसोटीच्या दगडावर घासला. सोन्याची रेघ उठायला हवी, ती उठेना. अ‍ॅसिडचा थेंब टाकला. कानस लावली. आतून करडं लोखंड! म्हणाला, "वरून सोनेरी मुलामा आहे नुसता. तेव्हा खूप बायकांना बसवले असले. त्यांना वाटायचं सोनं. डॉक्टरही सांगायचे नाहीत."

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बिचारी माझी आई! लग्नकार्यात मुद्दाम तोंड मोठं करून हसायची.

मी तिथे हसले. इमानालीही हसला. मग बसथांब्यावर आल्यावर इतकी रडले की एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणी गेलं का, पोरी?" मी म्हटलं, "हो." पुन्हा खोटं! आता सवयच लागलीय.

२१ ऑक्टोबर

बातमाच्या बोटात अगदी माझ्यासारखीच अंगठी आहे. तोच साचा, तोच तारा. तिची आटवायची, माझी तिने घालायची. कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि तिचा नवरा घरात आहे, धडधाकट, रोज भांडायला.

गेले मागायला. दोघं चुलीच्या नळकांड्यावरून भांडत होते. ती म्हणे, "चार दिवस सांगतेय, काजळी काढा! मी मेल्यावर काढणार का?" तो म्हणे, "तू मेल्यावर धूर तरी कोण करणार?" मग दोघंही हसले आणि मला तळलेले बोरसोक वाढले, गरम, वर साय. तो म्हणाला, "तुराटला सांगा, आता पुरे, ये म्हणावं. बुद्धिबळाला माणूस नाही मला."

मी चार बोरसोक खाल्ले आणि तशीच परत आले. मागायचं म्हणजे कारण सांगायचं. चौदा वर्षं जिला शाली दाखवल्या तिला काय सांगू? या जगात एक माणूस नाही ज्याच्याजवळ खरं बोलता येईल. ही वही तेवढी आहे. आणि वही काही 'अगं बाई' म्हणत नाही.

२ नोव्हेंबर

गुलसूनचा फोन. डुलांचा दिवस ठरला, दोन डिसेंबर. एल्दियार अठ्ठावीसला येतोय.

"अंगठी झाली का हो? आणि व्याही? वर्षानुवर्षं रजा नाही म्हणजे काय! पोराच्या बोलणीला तरी सोडतील ना? आमच्या यांनी मेंढा बघून ठेवलाय त्यांच्या मानाचा."

मी म्हटलं, लाइन खराब आहे. ठेवला फोन.

९ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं सांगून आले.

शाळेतून सुट्टी घेतली, सकाळच्या गाडीने कोचकोरला निघाले. दोलोनच्या खिंडीत बर्फ. ड्रायव्हर विचारतो, "एजे, लग्नाला का?" मी म्हटलं, "बघू."

गुलसूनने दस्तरखान काय मांडलं होतं! साय, जर्दाळूचा मुरंबा, घोड्याच्या मांसाचे काप. नवरा बाहेर गुरांकडे. अक्मरल ट्रे घेऊन आत-बाहेर. मी पहिला चहा पण घेतला नाही. म्हटलं, "माझं सोनं चालणार नाही. मी नांदती बाई नाही. चौदा वर्षांपूर्वी सोडून गेला तो मला. दुसरी बाई आहे. मी लोकांना खोटं सांगत आले. दुसऱ्या कुणाचं तरी सोनं शोधा, पण या अंगठीचं पोरीच्या बोटात घालू नका."

अक्मरल दारात तशीच उभी. सगळं ऐकलं तिने.

गुलसूनने माझी वाटी घेतली आणि चहा ओतला — काठोकाठ. पाहुण्याने बसावं असं वाटत असेल तर आपण अर्धीच भरतो. भरलेली वाटी म्हणजे प्या आणि निघा.

मी प्यायले. जीभ भाजली. निघाले.

१० नोव्हेंबर

फोन नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

एल्दियार विचारतो, "आपा, अक्मरल फोन का उचलत नाही? तीन दिवस झाले!" मी म्हटलं, "सर्दी असेल." नीट झोपलेलाही दिसत नाही पोरगा. माझ्या हाताने मोडलं मी त्याचं. अंगठी दिली असती तर कदाचित दहा वर्षांनी मोडलं असतं, मी दहा दिवसांत मोडून दाखवलं. वा बुरूल!

१८ नोव्हेंबर, शनिवार

काय दिवस! कुठून सुरू करू?

दुपारी दार वाजलं. अक्मरल! एकटी. बुटांना बर्फ, हातात काही नाही. मी म्हटलं, "अगं, आईला माहितेय का?" म्हणाली, "दवाखान्यात ड्युटी आहे म्हणून सांगितलंय." नर्स आहे ती. कोट काढला नाही, बसली नाही.

"मला एकच विचारायचंय. त्याला हे माहीत होतं? मला त्याने सांगितलं, बाबा उत्तरेला असतात, रजा मिळत नाही. माहीत असून सांगितलं असेल तर मला तो नको. बाप पळाला म्हणून नाही हां! ते माझी आई बघेल, मी नाही बघत. पण माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर मी राहणार नाही."

मी ताटातला नान उचलला. नानावर हात ठेवून खोटं बोललं तर डोळे जातात, लहानपणापासून ऐकतेय. म्हटलं, "या अन्नाची शपथ. माझ्या पोराला काही ठाऊक नाही. जे मी सांगितलं तेच त्याने तुला सांगितलं. खोटारडी मी. तो नाही."

मग मटकन बसली आणि रडायला लागली. आणि मग म्हणाली, "भूक लागलीय." वेडी! सूप गरम केलं, दोन वाट्या प्यायली. आईच्या दातांची गोष्ट सांगितली तिला, तर हसून हसून सूप सांडलं चादरीवर. या घरात इतक्या मोठ्याने हसणं कधी झालं होतं ते मला आठवत नाही.

चार वाजता तीच म्हणाली, चला सोनाराकडे. इमानालीने लाल, पिवळं, पांढरं, सगळं मांडलं. ती म्हणते, "ज्याच्यात कुणाचंच काही नाही असं सोनं द्या."

"असं सोनं नसतं, पोरी," इमानाली म्हणाला. "पण कोरं आहे. अजून कुणाच्या बोटात गेलेलं नाही. पिवळं. सोमवारी भट्टी पेटवतो."

बोटाचं माप देताना लाजली. गाडीत बसताना म्हणाली, "आईचा राग मी घालवते. त्याला उद्या रात्री फोन करीन. आपा, तुम्ही जेवत जा नीट."

आपा म्हणाली मला! एल्दियार म्हणतो तसं, आई!

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच एल्दियारचा फोन. मी त्याला बोलूच दिलं नाही. आधी बाबांचं सांगितलं, सगळं, चौदा वर्षांचं. मग म्हटलं, घाबरू नकोस, अक्मरल येऊन गेली, तुला काही माहीत नव्हतं अशी नानावर हात ठेवून शपथ घेतलीय मी, तुझं नाव राखलंय!

तो मग म्हणाला, "आपा, मला सहा वर्षांपासून माहितेय. पहिला हिवाळा त्यांच्याकडेच काढला मी. त्या बाईच्या हातचं जेवलोय. तू दर फोनला अंगठीचा हात पुढे करून बसायचीस. कसं सांगणार होतो मी तुला?"

साबण लावला. अंगठी निघाली.

इमानालीला निरोप धाडलाय, उद्या भट्टी पेटवू नका. आता खरं सांगायला अक्मरलला फोन लावते, तिने त्याला लावायच्या आधी.