दोन घोटे

टिटवाळा, ८ जानेवारी २०२५

चि. सौ. हेमास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो आहे. परवा जिन्यात पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. शेजारचा राजरत्न दवाखान्यात घेऊन गेला. इथले डॉक्टर हाडांचे नव्हेत. ते एक्स-रेचा फोटो मोबाइलवरून ठाण्याच्या डॉ. देवयानींना पाठवतात आणि उत्तर येईपर्यंत आपण बाकावर बसायचं. शेजारी मीराबाई म्हणून एक बाई होत्या, त्यांचाही घोटाच.

उत्तर आलं. माझं हाड मोडून सरकलंय, ठाण्याला येऊन स्टीलची पट्टी आणि स्क्रू घालून घ्या. मीराबाईंना नुसता मुका मार, चालत राहा म्हणे. त्या बिचाऱ्या भिंत धरधरून लेकीकडे विठ्ठलवाडीला गेल्या. आणि मी, मोडक्या हाडाचा माणूस, रिक्षापर्यंत चालत गेलो! मला काही उमगत नाही. मोडलेलं हाड इतकं गप्प बसतं का गं?

तुझा गोंधळलेला,
अण्णा

ठाणे, ११ जानेवारी

ती. अण्णास शि. सा. न.

पत्र वाचलं. तुझं हाड कधीपासून बोलायला लागलं? पाय खाली टेकवायचा नाही, अगदी चहा करायलासुद्धा! वहिनी असती तर तुला खाटेला बांधून ठेवलं असतं. अद्वय म्हणतो, मामाला दुखणं कळतच नसेल, साखर असलेल्यांचं होतं तसं. पण तुला कुठे साखर आहे? मीही चक्रावलेय. डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आले. ऑपरेशनआधी त्या स्वतः तुला व्हिडिओ कॉल करणार आहेत. कानाचं यंत्र लावून बस.

काळजीतली,
हेमा

टिटवाळा, १६ जानेवारी

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

कॉल आला. राजरत्नने मोबाइल धरला. डॉक्टरांनी मला घोट्याच्या हाडावर बोट दाबायला लावलं, तिथे फारसं दुखलं नाही, मग चार पावलं टाकायला सांगितली. मी टाकली. मग म्हणाल्या, तुमच्याकडची फिल्म खिडकीच्या उजेडात धरा. धरली. त्यांच्याकडे आलेलं हाड हे नव्हतंच!

दवाखान्यातून फोटो पाठवताना नावांची अदलाबदल झाली होती. मुका मार माझा होता. म्हणजे मोडलेला घोटा घेऊन मीराबाई चालत होत्या. दवाखान्याने त्यांचा नंबर लावला, तर तो बंद. लेकीचं नाव करिश्मा आणि ती स्टेशनजवळ शिवणकाम करते, एवढंच मीराबाई बाकावर बोलता बोलता म्हणाल्या होत्या. राजरत्न विठ्ठलवाडीला गेला आणि दुकानं विचारत विचारत पोहोचला. त्या तेव्हा पायाला तेल चोळून घेत होत्या! त्याने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पाय बघताच डॉक्टरांनी ताबडतोब ठाण्याला बोलावलं. तू तिथेच आहेस, तर भेटून ये. मला अजून कळत नाही, सुटलो म्हणून हसू की काय करू.

तुझा,
अण्णा

ठाणे, २२ जानेवारी

ती. अण्णास शि. सा. न.

भेटून आले. ऑपरेशन झालं. आणखी थोडे दिवस तशाच चालल्या असत्या तर सांधा कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. दोघांच्याही एक्स-रेवर उत्तर देताना आपणही पेशंटला एकदा बघायला हवं होतं, हेही त्यांनीच बोलून दाखवलं.

मीराबाईंना अदलाबदल समजावताना माझीच त्रेधा उडाली. तुमच्या भावाचा पाय दुखत नव्हता म्हणून माझा सापडला, हे कसं काय, असं त्या विचारत राहिल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मुका मार म्हटलंय, मग कसली नाटकं करतेस, असं घरचे सगळे म्हणायचे. पाय टेकवताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि तरी त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपण सोंग करतोय. हाड खरंच मोडलंय हे कळलं तेव्हा त्या रडल्या. घरच्यांना वाटलं, घाबरून. पण अण्णा, त्यांनी माझा हात दाबून हळूच सांगितलं, बरं वाटलं म्हणून.

तब्येतीला जप, आणि माया आहे तशीच असू दे.

तुझी,
हेमा