बांधावरची तार

शनिवार, मार्गशीर्ष. धानोरा, दिवेलागणीनंतर.

गुलाबसिंग आज उशिरा आला. आमच्या बांधावरून येण्याची त्याची वाट अरुणने, म्हणजे माझ्याच चिरंजीवाने, तारेने बंद केली आहे. धडगावच्या डोंगरातून उतरून तो आमच्या शेजारी शेती करू लागला, तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघे म्हातारे काउबॉयचे चित्रपट पाहतो.

आजच्या चित्रपटातही तार होती. जमीनदार ओढ्याला कुंपण घालतो. गुलाबसिंग हसला. "गुरुजी, हाऊ ते आपला अरुणभाऊ शे!"

ओट्यावरून अरुण म्हणाला, "मन्ही जमीन, मन्ही तार. काका, तुम्ही पिच्चर देखा."

मी गप्प. का? त्याच्या घरी जेवतो म्हणून?

त्याऐवजी मी व्याख्यान दिले. पूर्वीच्या चित्रपटांत कुंपणाबाहेरच्या माणसाला नाव नसे. तो केवळ गोळी लागून कोसळण्यासाठी असे. पुढे त्याला नाव मिळाले, भाषा मिळाली, आणि प्रेक्षकाला आतल्यांची लाज वाटू लागली.

"मंग वाट मोकळी व्हयनी का?" गुलाबसिंगने विचारले.

"नाही."

तो उठला. "आते मी येत नही, गुरुजी. गुडघा दुखस. फेरा लांब पडस."

जुन्या चित्रपटांत अशा वेळी कोणी घोडेस्वार येऊन न्याय करी. नव्यांत कोणीच येत नाही. हीच त्यांची प्रगल्भता, असे मी आजवर ऐटीत सांगत आलो.

खिडकीतून पाहिले. त्याच्या बॅटरीचा उजेड तारेच्या कडेकडेने चालला होता. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभा होतो. अरुण घरातच होता. मी त्याला काहीही म्हटले नाही.