बाबांच्या टाकीचं पार्सल

आई,

तुला नुकती झोप लागली होती, म्हणून न उठवता कामाला निघाले. बाबांच्या नावाने पार्सल आलंय, त्यांच्या त्या प्रवाळाच्या काचेच्या टाकीसाठी. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनीच मागवलेलं असणार.

टेबलावर ठेवलंय. त्यातल्या चिनीमातीच्या छोट्या छत्र्या बटणं समजून शिवणाच्या डब्यात टाकू नकोस. प्रवाळाचा तुकडा कापून त्यांवर चिकटवला की त्याचं नवं रोप धरतं म्हणे. गोंद आणि कापायचा चिमटाही आहे. सोबतचा कागद दोनदा वाचला, तरी कुठली फांदी, कुठून कापायची, काही उमगलं नाही. एवढी पुस्तकं वाचून हिला एक पान कळेना, म्हणून बाबा आज असते तर हसले असते.

पण खरा गोंधळ वेगळाच आहे. हातमोज्यांचे दोन जोड आलेत. एक बाबांच्या मापाचा. दुसरा इतका लहान की माझ्या हातात शिरत नाही. माझे हात बाबांवर गेलेत. या घरात एवढे लहान हात तुझेच. आणि तू तर म्हणायचीस, "तुमच्या त्या डबक्यात मी बोट घालणार नाही." मग तू त्यांना मदत करायचीस का? की ते तुला मदतीसाठी विचारणारच होते?

टाकी न्यायला दुकानदार संध्याकाळी येणार होता. तू "नेऊ दे" म्हणालीस, ते मी खरंच मानलं. त्याला आज येऊ नका म्हणून कळवलंय. तुला द्यायचीच असेल, तर उद्या बोलावते. पण आधी ते लहान हातमोजे घालून बघ, आणि मग सांग.