मोहगावची चौकट

पांढुर्णा, १४ जुलै १९५७

आले बाई एकदाची माझ्या स्वतःच्या घरात! नागपूरच्या त्या दोन अंधाऱ्या खोल्यांना रामराम ठोकला. राज्य बदललं, कचेऱ्या भोपाळला गेल्या, अन् यांनी आपणहून इकडे नाव दिलं, कारण गाव यांचं इकडचं. हे ओव्हरसियर. सिमेंट म्हणजे यांचं कुलदैवत. घरही तसंच बांधलं आहे: सपाट स्लॅब, गुळगुळीत फरशी, लोखंडी गजांच्या खिडक्या. उजेड छान, वारा छान, पण दिसतं अगदी तहसील कचेरीसारखं. मी तोंडावर म्हटलं, बाहेर एक चपराशी तेवढा बसवा. हे खूप हसले अन् म्हणाले, भिंती माझ्या, आतला थाट तुझा.

बस्स, मला तेवढंच पाहिजे होतं! मला जुनं आवडतं. आमच्या मामाकडे होतं तसं: कडीचा झोपाळा, कोरीव खुंट्या, पितळी समया, तांब्याचं घंगाळ. लोक हे सारं मोडीत काढून राहिले अन् पत्र्याच्या खुर्च्या आणून राहिले. मी उलटं करणार. दगडी जातं मी बैठकीत मांडलं अन् त्यावर फुलदाणी ठेवली. यांनी कपाळावर हात मारला. पोटातल्या बाळाला मात्र पसंत पडलं असावं, कारण तेव्हाच त्यानं जोरात लाथ मारली.

४ ऑगस्ट

आज माझी हौस फिटली. पुढच्या दाराला अजून चौकटच नव्हती, पत्रा लावून भागवत होतो. चिंधू लाकूडवाल्यानं मोहगावच्या एका पाडलेल्या घराची सागवानी चौकट आणली, उंबरठ्यासकट. वर गणपती, दोन्ही बाजूंना वेल अन् पोपट. लाकूड असं की बोट फिरवत राहावं. सिमेंटच्या भिंतीत ती इतकी शोभली की हेसुद्धा रस्त्यावर जाऊन पाहून आले.

एकच खोट होती. उंबरठ्यावर कोण्या अडाण्यानं ओळीनं लोखंडी खिळे ठोकलेले, नुसते विद्रूप. शिवाय माझं लुगडं अडकायचं. मी सुताराकडून सगळे उपटून घेतले, भोकांत मेण अन् भुसा भरला, वरून चपड्याचं पॉलिश मारलं. आता तिथे काही होतं हे सांगूनही पटणार नाही.

१ सप्टेंबर

घरात पहिल्यांदाच महालक्ष्म्या आल्या. दिवस भरत आले तरी मी कोणाचं ऐकलं नाही. उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, तिथून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली, मुखवटे हातात घेतले. आतून कोणी बाईनं विचारायचं, कोण आलं म्हणून. बाई नव्हती, म्हणून हेच आवाज बारीक करून विचारू लागले. मला इतकं हसू आलं की उत्तर देता येईना.

तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी म्हटलं, मी आली. मला वाटलं शेजारच्या प्रेमलताकाकू असतील. मागे पाहिलं तर अंगण रिकामं. काकू संध्याकाळी आल्या. लेकीकडून त्या कालच परतल्या, चौकट त्यांनी आजच पाहिली. पायरीवरच थबकल्या. त्यांचं माहेर मोहगाव. उंबरठ्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, अन् पाय दुखतात म्हणून बाहेरूनच कुंकू लावून घेऊन गेल्या. मला रागच आला. एवढं सजवलेलं घर, आत येऊन पाहायला काय झालं होतं?

२१ सप्टेंबर

मुलगी! मंगळवारी झाली. नाव मी कधीच ठरवलं आहे, स्मिता. केस दाट, नाक यांचं. आई नाही माझी, म्हणून माहेरी गेले नाही. अंबाबाई न्हाऊ-माखू घालायला येते. सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असा तिचा हुकूम आहे. हे दिवसातून दहादा पाळण्याशी येऊन उभे राहतात. ओव्हरसियरसाहेब पार विरघळले.

२ ऑक्टोबर

स्मिता माझ्या अंगावर पीत नाही. तोंड फिरवते. पहिल्यांदा वाटलं पोट दुखत असेल, पण पोट तर टम्म असतं. ओठाच्या कडेला दूध असतं. माझ्या छातीत गाठी आल्या, दूध पिळून टाकावं लागून राहिलं, अन् पोर मात्र दिवसागणिक गुबगुबीत होते आहे. येणारी प्रत्येक बाई म्हणते, काय गोड बाळसं धरलं!

मी अंबाबाईवर आळ घेतला की ही चोरून बकरीचं दूध पाजते. बिचारीनं पोराची शपथ घेतली अन् रडली. मला लाज वाटली. पण मग कोण पाजून राहिलं?

७ ऑक्टोबर

आज पाहिलं.

भर दुपार होती. अंबाबाई गेली होती, हे कामावर. मी खाटेवर डोळे मिटल्यासारखी पडून होते. हलता पाळणा मध्येच थांबला, जसा कोणी हातानं धरला. स्मितानं मान वळवली. तिचं डोकं गादीवरून वर उचललं गेलं, कोणाच्या कोपरावर टेकल्यासारखं. ओठ हलू लागले. घुटका गिळल्याचा आवाज मी ऐकला. तिथे कोणीच नव्हतं.

मला ओरडता आलं नाही. उठताही आलं नाही. माझी पोर पोटभर प्याली, तिला ढेकर आली, अन् मग डोकं हळूच गादीवर टेकलं. इतकं हळू तर मीसुद्धा ठेवत नाही.

९ ऑक्टोबर

यांना सांगितलं. बाळंतिणीला भास होतात म्हणाले. मी म्हटलं, मला नागपूरला मामाकडे सोडा. टांगा आणला. पोरीला घेऊन उंबरठा ओलांडला तोच ती निळी पडली. श्वास बंद. आत धावले — लगेच गुलाबी. पुन्हा बाहेर — पुन्हा निळी. हे पाहत होते. टांगा परत पाठवला.

११ ऑक्टोबर

प्रेमलताकाकूंनी अंगणातून सारं सांगितलं. गर्भार बाईला असलं काही सांगू नये म्हणून त्या दिवशी गप्प राहिल्या. मोहगावच्या त्या घरची सून मीना, बाळंतपणात गेली. अशी बाई पोरासाठी परत येते म्हणून प्रेत उचलल्याबरोबर घरच्यांनी उंबरठ्यावर खिळे ठोकले. बाळंतिणीला ते ओलांडता येत नाहीत. ती आली नाही. पण लेकरू, गोदी नाव तिचं, कोणाचंच दूध घेईना. भुकेनं रडून रडून पंधरा दिवसांत तेही गेलं.

अन् ते खिळे मी उपटले. कुंकवाची पावलं काढून तिला आत घेतलं मीच.

तिची कीव येते मला. खरंच येते. पण माझी पोर मी का म्हणून देऊ?

१४ ऑक्टोबर

काल यांनीही पाहिलं. रविवार होता, दुपारी मुद्दाम पाळण्याशी बसून होते. एवढा सिमेंटचा माणूस, भिंतीला टेकून खाली बसला.

स्मिता आता माझ्याकडे पाहतसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहते.

उद्या मंगळवार. मी जामसांवलीला जाते, मारुतीचं तीर्थ अन् अंगारा आणते. काकू ओरडल्या, बाळंतीण सव्वा महिन्याआधी घराबाहेर पडते का कुठे? खड्ड्यात गेला सव्वा महिना. आईनं नाही जायचं तर कोणी जायचं?

१५ ऑक्टोबर, दिवेलागण

ओट्यावर बसून लिहिते आहे.

यांनी — यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. मी मोटारीत बसल्याबरोबर नवे खिळे आणले, त्याच भोकांत ठोकले. त्यांना वाटलं ती दुपारचीच येते, सकाळी रस्ता बंद केला की सुटलो. मी अंगारा घेऊन आले तर दारात हसत उभे होते.

मला पाऊल उचलता येईना. उंबरठ्याशी आले की पायातली ताकदच जाते, पोटात कळ येते, प्रसूतीच्या वेळी आली होती तशी. यांनी हात धरून ओढलं. मी पायरीवर पडले. तीनदा.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. मग मला कळलं. खिळे बाळंतिणीसाठी असतात. जिवंत कोण, मेलेली कोण, ते त्यांना काय माहीत.

अन् ती तर बाहेर गेलीच नव्हती. ती आतच आहे.

पकड आणली, पहार आणली. खिळा हलत नाही. मागचं दार काढलंच नाही, खिडक्यांना गज आहेत, यांनीच बसवलेले. पोरीला बाहेर आणलं की —

१६ ऑक्टोबर, सकाळ

स्मिता रडून राहिली. किती दिवसांनी रडली! भुकेचं रडणं. माझा पदर ओला झाला, अंगाला पान्हा फुटला. ती माझ्यासाठी रडते आहे. मीना, ऐकून राहिलीस ना? माझ्यासाठी. एकदा येऊ दे मला आत. मग तू पण राहा. तुला कोणी घालवणार नाही, शपथ —

हे पहार टाकून माझ्याशेजारी येऊन बसले. रडतात. घरात कोणीच —

थांबली. एकदम थांबली.

पाळण्याची कडी वाजते आहे.

कोणीतरी तिला हाक मारून राहिलं. स्मिता नाही म्हणत. दुसरंच नाव. गोदी. गोदी गं.

नको गं बाळ, तू स्मिता आहेस, ओ देऊ नको, मी इथे आहे, दाराशीच आहे, तू ओ —