फणसाला वळसा घालून

१६ नोव्हेंबर २००३, रविवार

सकाळी फर्डिनंड आला. मी सुकेळी उन्हात घालत होते. राजेळी केळी सोलून बोटं काळी झालेली, तशाच हाताने त्याला गेल्या आठवड्यातली दोन दिली. खाता खाता म्हणाला, "काकी, बंगलीला चाकाच्या खुर्चीचा रस्ता करायचाय. ट्रस्टचा ठराव झाला." मी म्हटलं, खुर्चीला कशाला रस्ता? तर म्हणे, ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांनी काय बंगली फाटकातूनच बघायची?

आणि नकाशा कोण काढणार, तर आमची ऋतिका! माझी नात. सुधाकरची मुलगी. नायगावला टॉवर बांधतात तिथे नोकरीला आहे, पण ज्या बंगलीच्या कुंपणाला टेकून आमचं घर, तिचं काम तिला मिळालं. सव्वाशे वर्षांची बंगली. मुंबईचे शेट उन्हाळ्यात राहायला यायचे. आता शेटांपैकी कोणी नाही, ट्रस्ट बघते, फर्डिनंड मॅनेजर. रविवारी लोक तिकीट काढून झुंबरं बघतात आणि मागची वाडी फिरतात.

आनंदाने मी आत जाऊन ह्यांना सांगितलं. चाळीस वर्षं त्या वाडीला ह्यांनीच पाणी पाजलं ना. पाट ह्यांनी काढले, केळी ह्यांनी लावल्या. मी म्हटलं, आता तुम्हालाही जाता येईल. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सुकेळी वर घ्यायची राहिली. कावळ्याने तीन नेली.

१७ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही ते लिहिते. ही वही ऋतिकाने दिली आणि म्हणाली, आजी, मनातलं लिही, चुका कोणी काढणार नाही. मी दुसरी पास. तिसरीत बसले होते पण धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं. तो आता माझ्याहून उंच आहे, आणि आगाऊ आहे.

तर हे. सहा वर्षांमागे बंगलीच्या वाडीतल्याच नारळावरून पडले. कमरेखाली काही राहिलं नाही. हात मात्र अजून लोखंड आहेत, पलंगावरून खुर्चीत आपले आपण येतात. पडल्याच्या पुढच्या वर्षी उमेळ्याला पुतण्याचं लग्न होतं. मांडव उंचावर. चार पोरांनी खुर्चीसकट उचललं, "गणपती बाप्पा मोरया" म्हणत वर नेलं. पोरं प्रेमानेच करत होती. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर हे म्हणाले, "मला परत कोणी उचलायचं नाही." त्या दिवसापासून पाच वर्षं घराचा उंबरा ओलांडलेला नाही. खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर मी कपडे वाळत घालते.

वाडीचं नाव काढलं तरी गप्प होतात. पण पहाटे पंप सुरू झाला की डोळे मिटून ऐकतात. मला माहीत आहे, जागे असतात.

२३ नोव्हेंबर

ऋतिकाने नकाशा दाखवला. मला तो शेवयांसारखा दिसला. छान आहे म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज पोट दुखेस्तोवर हसले, आणि बाई, हेही हसले!

जितेश गवंड्याने उतार केला. नकाशात ऋतिकाने लांब दाखवला होता, पण मध्ये फणस येतो आणि ट्रस्ट म्हणते जुनं झाड तोडायचं नाही. मग जितेशने आपल्या मनाने आखूड केला, पायऱ्यांच्या बाजूने सरळ वर. बघायला आमची खुर्ची नेली. कपडे काढून पुसून दिली मी. त्यात बसायला कोणी तयार होईना, तेव्हा फर्डिनंड म्हणाला मी बसतो. नव्वद किलोचा माणूस. दोन पोरांनी ढकलत अर्ध्यावर नेला, एकाची चप्पल सटकली आणि खुर्ची उलटी निघाली. फर्डिनंड "येशू, येशू" करत थेट क्रोटनच्या झुडपात. लागलं नाही काही. नवी विजार फाटली. ग्रेसीने, त्याच्या बायकोने, ती फाटकी विजार हातात धरून सगळ्यांना दाखवली.

घरी येऊन सांगितलं तर हे इतके हसले की ठसका लागला. मग एकदम म्हणाले, "जितेशला सांग, तो उतार नव्हे, घसरगुंडी आहे."

बंगलीच्या कामाबद्दल पहिल्यांदा काही बोलले. मी पाणी दिलं आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं की मिटतात, लाजाळूच्या पानासारखे.

१ डिसेंबर

आज ऋतिका कामावरून आली, तोंड एवढंसं. बारा फूट लांबीला एक फूट चढ असा नियम आहे म्हणे. सात पायऱ्यांची उंची साडेतीन फूट. म्हणजे बेचाळीस फूट लांबी हवी, आणि फणसाच्या अलीकडे वीससुद्धा नाहीत. "होणारच नाही, आजी."

तेव्हा हे पलंगावरून म्हणाले, "अगो, कोळसा दे."

खुर्चीत आले, खाली वाकले आणि जमिनीवर काढायला लागले. माझी सारवलेली जमीन! पण बोलले नाही. इथे पायऱ्या, इथे फणस, इथे विहीर, इथे चाफा. पाच वर्षांत पाहिलं नाही, पण एक झाड चुकलं नाही. मग ऋतिकाला म्हणाले, "पाट फणसाला जाऊन धडकतो का? वळसा घालतो. वळला की तिथे थोडी सपाट जागा ठेवायची, पाणी दम खातं. माणसालाही दम लागतोच ना."

ऋतिका टेप घेऊन पळाली. परत आली ती ओरडतच. सपाट जागा सोडून चव्वेचाळीस फूट भरतात.

"मग दोन फूट जास्तच आहेत," हे म्हणाले. "जितेशला चहा प्यायला ठेव."

कोळशाची रेघ मी अजून पुसली नाही. त्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात जाते.

१४ डिसेंबर, रविवार

नवा उतार झाला. जुना फोडला. जितेश रागावलेला होता, पण काम छान केलं.

ह्यांनी मला सांगून पाठवलं होतं: वर उभी राहा आणि मधोमध कळशीभर पाणी ओत. पाणी मधून खाली आलं तर ठीक. एका कडेला गेलं तर खुर्चीही त्या कडेला ओढ घेणार, बसलेल्याचा एक हात दुखणार. मी ओतलं. पाणी मुकाट्याने डावीकडे गेलं आणि फणसाच्या मुळात पडलं.

जितेश म्हणाला, "काकी, आता कळशी मला पास-नापास करणार?"

मी म्हटलं, कळशी नाही रे, तुझे विठ्ठलकाका करतायत.

त्याने एक क्षण घराकडे पाहिलं. मग थापी उचलली. लहानपणी ह्यांच्या मागे मागे पाटातले मासे धरत हिंडायचा तो.

हे सगळं घरी सांगितलं. हे म्हणाले, "आणि पायथ्याशी पाण्याला वाट ठेवायला सांग. केळीला पाणी सोडलं की तिकडेच येतं." सांगायचं म्हणून मी गेले, तर वाटेत शेजारची मटिल्डा भेटली. तिच्या सुनेला दिवस गेलेत. मग तेच बोलत बसलो.

२५ डिसेंबर

नाताळ. मटिल्डाने ताट पाठवलं. उरलेल्या सिमेंटमध्ये जितेशने आमच्या ओट्यालाही उतार करून दिला. पैसे घेतले नाहीत. सुकेळी घेतली. बरीच घेतली.

४ जानेवारी २००४, रविवार

पुढच्या रविवारी उद्घाटन. नायगावच्या शाळेतली मुलं येणार, चार जण खुर्चीतले. फर्डिनंड ह्यांना बोलवायला आला. म्हणाला, काका, पहिला मान तुमचा.

हे नखं बघत बसले. मग म्हणाले, "येईन. पण कोणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार, काका."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शब्द दे."

मी दिला. रात्री सदऱ्याला इस्त्री करून ठेवली. उद्घाटनाला अजून आठवडा आहे हे विनया म्हणजे सूनबाई म्हणाली तेव्हा लक्षात आलं.

११ जानेवारी, रविवार

लिहायला बसवत नाही.

पहाटे उठले. मी आणि मटिल्डा, दोघी. एवढं मोठं काम झालं, पाहुणे येणार, म्हणून उतारावर रांगोळी काढली. पायथ्यापासून वरपर्यंत वेल. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये कमळं, कोयऱ्या. रंग मटिल्डाने भरले. उजाडल्यावर असं दिसलं की मी स्वतःशीच म्हटलं, मालन, जन्मात अशी काढली नाहीस.

हे आले. आपल्या हातांनी खुर्ची चालवत, पांढरी टोपी घालून, गल्लीतून. लोक दारात उभे राहून बघत होते. मला रडू येत होतं आनंदाने. मागे शाळेची मुलं. सगळी फणसाजवळ आली.

आणि हे पायथ्याशी थांबले. म्हणाले, "तुझी रांगोळी."

मी म्हटलं, असू दे, चालवा.

"मोडायची?"

उभ्या जन्मात ह्यांनी कोणाच्या रांगोळीवर पाय दिला नाही. ताडी पिऊन यायचे तेव्हाही कडेने यायचे, भिंतीला धरून. पायाने चालणारा कडेने जाईल. चाकाने कडेने कसं जायचं? मी कड ठेवलीच नव्हती.

मागच्या खुर्चीतली एक मुलगी, फ्लॉसी नावाची, दहा वर्षांची असेल, तिने विचारलं, "आजी, मग आम्ही कुठून जायचं?"

मी पदर खोचला, पुसायला वाकणार तेवढ्यात बंगलीत कामाला असलेली पोरं पुढे झाली. नवी पोरं, त्यांना काय माहीत. "काका, दोन मिनिटं, आम्ही उचलतो." मी नको नको म्हणतेय तोवर चौघांनी उचललं सुद्धा. पायऱ्यांवरून. ह्यांचे पाय लोंबत होते. टोपी पडली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मुलांनाही उचललं. एकेक करून.

माझी रांगोळी संध्याकाळपर्यंत तशीच होती. एक रेघ मोडली नाही. सगळे गेल्यावर ओलं गोणपाट घेऊन मीच पुसली.

१२ जानेवारी

बोलत नाहीत. खुर्ची परत कोपऱ्यात.

मटिल्डा आली. म्हणाली, "रंग मी भरले होते. शिव्या दिल्या असतील तर अर्ध्या माझ्या." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. तिळगूळ दिला तो घेतला. मी म्हटलं, चुकलं माझं. शब्द देऊन मीच मोडला.

हे म्हणाले, "रांगोळीचं काही नाही. चांगली होती." मग तिळगूळ तोंडात टाकत, "टाळ्या नको होत्या."

मी तिळगुळाचा डबा उगाच उघडला, झाकला.

१८ जानेवारी, रविवार

आज मी बंगलीत गेले होते. रांगोळी काढली, पण पायरीच्या बाजूला, ताटाएवढी.

फ्लॉसी आईला घेऊन परत आली होती. आई हात लावायला गेली तर म्हणाली, "मम्मी, सोड." फणसाच्या वळणावर थांबली, दम खाल्ला, झाडाला हात लावला आणि गेली वर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फर्डिनंडचं लक्षही नव्हतं. पण मग दिवाणखान्यात गेला आणि ओरडत बाहेर आला. सगळ्या लादीवर चिखलाच्या दोन रेघा! पोरगी झुंबराखाली गोल गोल फिरली होती.

जेवताना घरी सांगितलं, आपलं हसण्यासारखं म्हणून.

हे म्हणाले, "चिखल? कुठून आला चिखल?"

पायथ्याशी साचतं पाणी, मी म्हटलं. आणि मग आठवलं, सांगायचं मीच विसरले होते. मटिल्डाच्या सुनेच्या नादात. तेही सांगून टाकलं. एवीतेवी माझीच चूक, आणखी एक.

रागावले नाहीत. केवढं साचतं, विचारलं. परातीएवढं. खोल किती? बोटभर. फणसाच्या बाजूला की विहिरीच्या? मला आठवेना. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. भात तसाच राहिला ताटात.

"जितेशला सांगते उद्या," मी म्हटलं.

"जितेशला काय कळतंय पाण्यातलं."

२० जानेवारी

आगाशीच्या बाजारातून चारला आले. दार उघडं. पलंग रिकामा. खुर्ची नाही. दाराआडचं खुरपं पण नाही. पाच वर्षांत हे घर मी कधी रिकामं पाहिलं नव्हतं. पिशवी टाकून धावले. गल्लीच्या धुळीत चाकांच्या दोन रेघा होत्या, बंगलीच्या फाटकातून आत गेलेल्या. फाटकातून पाठ दिसली. उताराच्या पायथ्याशी खुर्चीतून वाकून पाण्याला वाट काढत होते. हाक नाही मारली. तशीच परत फिरले.

आता सहा वाजून गेले. चहा दोनदा गरम केला. ओट्यावर बसून लिहितेय. अजून आले नाहीत.